'बारीक टाका' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तराला बसलो, आठ-दहा ओळी लिहिल्या आणि खोडून टाकल्या. सगळ्या ओळींत मी माझीच बाजू सांभाळत होतो. म्हणून दोन दिवस जाऊ दिले.

बाकीच्या वाचकांना संदर्भ लागेल म्हणून थोडक्यात सांगतो. 'सामान्य असण्याचं सुख' या लेखात मी लिहिलं होतं की पुण्यातल्या एका छापखान्यात ३१ वर्षं मुद्रितशोधन केलं, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधल्या, शेकडो पुस्तकं हाताखालून गेली, एकावरही माझं नाव नाही आणि त्याचं मला कधी काही वाटलं नाही. जाता जाता चौकाचौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पोस्टाच्या तिकिटाएवढे चेहरे छापून घेणाऱ्या 'शुभेच्छुकां'ची टिंगलही केली होती. त्यावर ताईंनी लिहिलं : "काका, तुमचं सुख भरल्या पोटाचं आहे. माझी आई २६ वर्षं एका शाळेत शिपाई होती. सगळे तिला मावशी म्हणायचे. निरोप समारंभात मुख्याध्यापकांनी तिचं नाव चिठ्ठीत बघून वाचलं, तेही आडनाव चुकवून. तिला सांगाल का हे सुख? सामान्य राहण्यात समाधान मानणं म्हणजे हार मानणं. आणि नाव नकोच होतं तर ब्लॉगच्या डोक्यावर नाव आणि फोटो कशाला?"

शेवटचं आधी घेतो, कारण ते सोपं आहे. फोटो भाच्यानं टाकला, पण मी काढायला सांगितलं नाही. किती जणांनी वाचलं तो आकडा रोज सकाळी चहाच्या आधी बघतो. परवा तुमच्या प्रतिक्रियेमुळे तो बराच वाढला, तेव्हा वाईट वाटता वाटता थोडं बरंही वाटलं. लपवण्यात अर्थ नाही.

आणि 'कधी काही वाटलं नाही' हेही खरं नाही. एका लेखकानं ऋणनिर्देशात माझा उल्लेख केला होता. ते पान सगळ्यात शेवटी, घाईघाईत लागलं आणि माझ्याकडे प्रूफ न येताच छापून झालं. नावातली वेलांटी चुकलेली. आयुष्यभर लोकांच्या वेलांट्या सरळ केल्या आणि माझीच वाकडी! तरी त्या पुस्तकाच्या पाच प्रती मी पदरच्या पैशानं घेतल्या. दोन नातेवाइकांना दिल्या, दोन कुणाला तरी देऊ म्हणून राहिल्या आणि एक कपाटात दर्शनी भागात आहे. बायकोनं तुमची प्रतिक्रिया वाचून पहिल्यांदा त्या कपाटाकडेच बोट दाखवलं.

पण त्या कामात सुख होतं, हे मात्र मी मागे घेणार नाही. मुद्रितशोधकाचं काम चुकलं तरच दिसतं. 'शिक्षक दिन' नीट छापला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. 'शिक्षक दीन' छापला की सगळं गाव हसतं (आणि शिक्षक म्हणतात, बरोबरच आहे). मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये त्यात पडलेली चार नियमांची भर एवढ्या शिदोरीवर माझा संसार झाला. संध्याकाळी शेवटची गॅली, म्हणजे तपासायला काढलेला कच्च्या छपाईचा लांब कागद, वाचून झाली की डोळे चुरचुरायचे, पण एक चूक वाचकापर्यंत जाता जाता अडवली याचं जे वाटायचं ते खरं होतं. त्याला टाळी लागत नव्हती.

आता तुमच्या आईचं. त्या ओळींवर मी अडलो, कारण आमच्याकडेही एक मावशी होत्या.

छापखाना झाडायच्या, पाणी भरायच्या, सांडलेले खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, वेचून डबीत ठेवायच्या. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं. एकदा त्या मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला घेऊन आल्या. मजकूर दिरांनी लिहून दिला होता. एकरंगी, दोनशे प्रती, ट्रेडल या छोट्या छपाईयंत्रावर. प्रूफ माझ्याकडे आलं. मी नेहमीप्रमाणे 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' पासून सुरुवात करून तारीख-वार पंचांगाशी ताडून पाहिला. दोन चुका दुरुस्त केल्या आणि त्यांना म्हटलं, झालं, बघून घ्या. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा होता तो मी सरळ करून दिला, आणि त्यांनी विचारलं, "ह्यात मी कुठं आहे?"

मी परत वाचलं. मुलगी होती, चि. सौ. कां. सकट. कै. म्हणून तिचे वडील होते. निमंत्रक म्हणून दीर आणि जाऊबाई होत्या. मामा होते. सगळ्यात खाली, ठळक बारा पॉइंटाच्या मोठ्या अक्षरात, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणत पिंकी, बंटी आणि सोनू होते. आई नव्हती. मी ते प्रूफ दोनदा वाचलं होतं आणि माझ्या नजरेला काही खटकलं नव्हतं, कारण विधवा आईचं नाव पत्रिकेत नसणं ही तेव्हा चूक धरली जात नव्हती.

मी म्हटलं, विधवेच्या नावाआधी लावतात ते 'गं. भा.' लावून टाकू या. त्या म्हणाल्या, "ते नको. नुसतं नाव टाका." मग दाराकडे बघून, आवाज खाली करून म्हणाल्या, "बारीक टाका."

त्यांचं नाव मला तेव्हा कळलं. अकरा वर्षं रोज हाक मारत होतो आणि नाव त्या दिवशी विचारलं. वडिलांच्या ओळीखाली जेमतेम जागा होती. आमचा कंपोझिटर कुरकुरला, आठ पॉइंटच बसेल म्हणाला. 'व' आणि पुढे त्यांचं नाव, असं बसवलं. दिरांनी काही कटकट केली का, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मावशी नेहमीच्या वेळेला आल्या आणि झाडायला लागल्या. आणि खरं सांगायचं तर, आम्हीही पुन्हा मावशीच म्हणायला लागलो.

ही हकीकत मूळ लेखात यायला हवी होती. आली नाही, कारण तिच्यामुळे लेखाचं गोड गोड बिघडलं असतं. मी नाव नसल्याच्या गमजा मारत होतो, पण माझं नाव घराच्या पाटीवर होतं, हजेरीपत्रकात होतं, मुलांच्या नावांच्या मध्ये होतं. पोट भरलेलं होतंच, तुमचं म्हणणं खरं आहे.

संतांनी अहंकार सोडायला सांगितलं म्हणून आपण त्यांचे दाखले देतो. पण त्यांनी अभंगाच्या शेवटी नाव घालायचं सोडलं नाही. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'चोखा म्हणे'. 'अवघा रंग एक झाला' हा अभंग तर गाण्यांमुळे घरोघर पोहोचलाय. तो सोयराबाईंचा, संत चोखामेळ्यांच्या बायकोचा, आहे हे गुणगुणणाऱ्यांतल्या किती जणांना माहीत असतं? शेवटच्या चरणात त्यांनी सही केलीय ती 'म्हणे चोखियाची महारी' अशी. नवरा आहे, जात आहे, स्वतःचं नाव नाही. सगळा रंग एक झाला असं म्हणणारी बाई सही करताना तिथंच येऊन थांबते. आमच्या मावशींनी 'गं. भा.' नको म्हटलं तेव्हा मला हे सुचलं नव्हतं, फार उशिरा सुचलं. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम सक्तीचा झाला आहे. म्हणजे ती जागा करून द्यायला शासन निर्णय लागला.

फक्त 'हार मानणं' हे मला पटत नाही, ताई. मावशींनी ठळक टाका, वर टाका, असं काही म्हटलं नाही. त्यांना मोठं व्हायचं नव्हतं. मुलीच्या पत्रिकेत आई असावी, एवढंच. आमच्या पिढीला सरसकट 'प्रसिद्धीची हाव' म्हणायची खोड आहे आणि तुमच्या पिढीला, राग मानू नका, नाव झालं नाही की आयुष्य वाया गेल्यासारखं वाटतं. त्या दोन्हींत 'बारीक टाका' कुठंच बसत नाही. फ्लेक्सवरच्या त्या तिकिटाएवढ्या चेहऱ्यांकडे मी काल जरा थांबून पाहिलं. आमच्या गल्लीतला गॅस सिलिंडर पोचवणारा मुलगा आहे त्यात, तिसऱ्या रांगेत. त्याच्यावर हसणं मी लेखातून काढून टाकलं आहे. 'त्याचं मला कधी काही वाटलं नाही' हे वाक्यही खोडलं आहे. बाकी मजकूर तसाच ठेवतो आणि तुमची प्रतिक्रिया त्याखाली राहील.

एक विचारायचं राहिलं. तुम्ही एवढं लिहिलंत, पण आईचं नाव प्रतिक्रियेत कुठं नाही. मुद्दाम टाळलंत की राहून गेलं, कळलं नाही. लिहायचं असेल तर जरूर लिहा, फक्त आधी त्यांना विचारून घ्या. काय सांगावं, त्यांना मावशीच आवडत असेल. आणि आडनाव तेवढं नीट बघून टाका.