ऑक्सिजन ८९ असताना ‘धाप लागेपर्यंत थांबा’ सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

माझे मामा ७१ वर्षांचे आहेत आणि त्यांना मधुमेह आहे. कोरोनाच्या तापाच्या सहाव्या दिवशी त्यांच्या बोटावरचा ऑक्सिमीटर ८९ दाखवत होता, तरी ते रुग्णालयात यायला तयार नव्हते, कारण फोनवर आलेला एक लांबलचक संदेश त्यांनी मामींनाही मोठ्याने वाचून दाखवला होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: कोरोनाने कोणी मरत नाही, जे गेले ते आधीच्या आजारांनीच गेले, व्हेंटिलेटरवर ठेवलेल्यांपैकी ८८ टक्के दगावतात, म्हणजे यंत्रच जीव घेते, स्टेरॉइड हे विष आहे, तरुणांना काहीही होत नाही, म्हणून धाप लागेपर्यंत घर सोडू नये.

८८ टक्क्यांचा आकडा हवेतून आलेला नाही, एवढे मान्य करावे लागते. एप्रिल २०२० मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात न्यूयॉर्क परिसरातील ५,७०० रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांतील १,१५१ जणांना व्हेंटिलेटर लागला होता. त्यांपैकी २८२ दगावले, ३८ घरी गेले आणि उरलेले ८३१ त्या दिवशी रुग्णालयातच उपचार घेत होते. या ८३१ जिवंत माणसांना हिशेबातून काढून केवळ ३२० जणांमध्ये भागाकार केला, की ८८ टक्के येतात. त्यांचे पुढे काय होणार हे ठरलेलेच नसताना तो आकडा यंत्राच्या नावावर मांडला गेला आणि अजून मांडला जातो, याची चीड येते. वुहानच्या पहिल्या १९१ रुग्णांच्या अभ्यासात व्हेंटिलेटर लागलेल्या ३२ पैकी ३१ जण गेले, हेही खरे आहे. पण फुप्फुसे निकामी होत आलेल्यांनाच हे यंत्र लावतात. तेव्हा तिथे मृत्यू जास्त दिसणार, आणि त्यावरून दोष यंत्राचा ठरत नाही.

‘आधीच्या आजारांनीच गेले’ या दाव्याचे उत्तर ब्रिटनमधील रुग्णालयांच्या नोंदींत आहे. तिथल्या ३५,००० हून अधिक रुग्णांच्या माहितीवरून मृत्यूचा धोका किती हे गुणांत मोजणारी ‘४सी’ नावाची गुणपद्धती तयार करण्यात आली आणि ती सप्टेंबर २०२० मध्ये ‘बीएमजे’मध्ये प्रसिद्ध झाली. दाखल होताना आठ गोष्टी पाहायच्या: वय, लिंग, जुन्या आजारांची संख्या, श्वासाची गती, ऑक्सिजन, रुग्ण शुद्धीवर आहे का, रक्तातील युरिया आणि सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारा रक्तातील घटक). एकूण गुण २१. त्यांतील जास्तीत जास्त सात वयाला आहेत. एका जुन्या आजाराला एक, दोन किंवा अधिक आजारांना मिळून दोन. साध्या हवेत ऑक्सिजन ९२ च्या खाली असेल तर त्या एकाच गोष्टीला दोन गुण आहेत, आणि युरिया फार वाढलेला असेल तर तीन. म्हणजे मधुमेहाने धोका वाढतो हे खरे असले, तरी विषाणूने त्या घडीला शरीराचे काय केले आहे याचे वजन त्याहून जास्त भरते. मधुमेहासह वर्षानुवर्षे व्यवस्थित जगणारा माणूस दहा दिवसांत जातो, तेव्हा तो मधुमेहाने गेला असे म्हणणे त्याच्या माणसांवर अन्याय करणारे आहे.

या संदेशातील सर्वांत घातक वाक्य शेवटचे आहे. ‘मला धाप कुठे लागते?’ असे मामा ८९ चा आकडा पाहूनही म्हणत होते, आणि ते खोटे बोलत नव्हते. धाप लागण्याची जाणीव मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते. या आजारात अनेकदा तो नीट बाहेर पडत राहतो, आणि ऑक्सिजन उतरत असूनही माणसाला बरे वाटते. अखेर मामींनी बजावले तेव्हा ते निघाले. रुग्णालयात परिचारिकेने आधी काही न बोलता, घड्याळ हातात धरून त्यांच्या छातीची हालचाल पूर्ण मिनिटभर पाहिली. श्वास २८ होते. वयाचे सहा, पुरुष म्हणून एक, मधुमेहाचा एक, श्वासाचा एक आणि ऑक्सिजनचे दोन, असे अकरा गुण रक्ताचे अहवाल येण्याआधीच झाले. ९ ते १४ गुण असलेल्यांपैकी २०२० मध्ये सुमारे ३१ टक्के दगावले होते. लसीकरणानंतर हे प्रमाण बरेच खाली आले. पण ८९ वर घरी बसून राहण्याची मुभा त्याने मिळत नाही.

तरुणांविषयीचा दावा अर्धाच खरा आहे. पन्नाशीच्या आत वयाचे गुण शून्य असतात, पण बाकीच्या सात गोष्टी तरुणालाही लागू होतात आणि लठ्ठपणाही आजारांत मोजला जातो.

स्टेरॉइडचे म्हणाल, तर ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत व्हेंटिलेटरवरील रुग्णांपैकी नेहमीच्या उपचारांवर ४१.४ टक्के दगावले, आणि रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलेल्यांपैकी २९.३ टक्के. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना मात्र या औषधाचा फायदा दिसला नाही. त्यामुळे घरच्या घरी आपल्या मनाने या गोळ्या घेऊ नयेत, एवढ्यापुरती त्या संदेशातील भीती योग्य आहे. मामांना ते सुरू आहे. त्याने साखर वाढते, म्हणून ती दिवसातून चार वेळा तपासली जाते, आणि काल संध्याकाळी तीन लिटर ऑक्सिजनवर त्यांचा आकडा ९५ होता.