‘एक तृतीयांश ॲक्शन, एक तृतीयांश भटकंती, एक तृतीयांश कथा’: सिक्वेलच्या या हिशोबात काय चुकतं

साहसी व्हिडिओ गेमच्या सिक्वेलची, म्हणजे पुढच्या भागाची, घोषणा झाली की एक सल्ला हमखास फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: ॲक्शन, भटकंती आणि कथा यांना सारखा वाटा द्या. पहिल्या भागात ज्याची तक्रार झाली ते कमी करा, ज्याचं कौतुक झालं ते वाढवा. नकाशा मोठा करा. नायकाच्या शक्ती काढून घ्या आणि एकेक करून परत द्या. आणि कथा कटसीनमध्येच (खेळ थांबवून दाखवलेल्या दृश्यांतच) सांगा, कारण मोकळ्या नकाशात कथा टिकत नाही.

सल्ला समंजस वाटतो, म्हणूनच इतका फिरतो. पण त्यातली एकच गोष्ट अर्धी खरी आहे. बाकीच्या, प्रत्यक्ष गेम समोर ठेवले की, उभ्या राहत नाहीत.

तृतीयांशापासून सुरुवात करू. वाटा मोजायचा कशात? मिनिटांत मोजला, तर ओसाड घरात शिरून तिथली चिठ्ठी वाचणारा खेळाडू भटकतोय की कथा ऐकतोय? शत्रूच्या मागून दबकत जाताना पहारेकऱ्यांचं बोलणं कानावर पडलं आणि खलनायकाचा बेत कळला, तर ती मिनिटं कुणाच्या खात्यात टाकायची? चांगल्या गेममधली बरीचशी मिनिटं एकाच वेळी दोन खात्यांत बसतात, आणि तीच सगळ्यात मोलाची असतात.

परिणाम ठरतो तो क्रमावर. ‘अनचार्टेड २’ (२००९) मध्ये धावत्या रेल्वेवरच्या लांबलचक लढाईनंतर आणि अपघातानंतर नायक एका तिबेटी गावात शुद्धीवर येतो. हातात बंदूक नाही, पळता येत नाही. एरवी ज्या बटणाने ठोसा बसतो, त्याच बटणाने इथे तो गावकऱ्यांशी हात मिळवतो. हा भाग काही मिनिटांचाच आहे. पुढे त्याच गावावर रणगाडा चालून येतो, तेव्हा त्या लढाईला जे वजन येतं ते या काही मिनिटांमुळे. तृतीयांशाच्या हिशोबात हा तुकडा ‘कमी भरला’ म्हणून ताणला असता, तर कंटाळवाणा झाला असता.

मग मोजायचं काय? आराखड्याचा तक्ता करा. प्रत्येक ओळ पाच ते दहा मिनिटांच्या खेळाची, आणि चार रकाने: तीव्रता (१ ते ५), खेळाडू हाताने काय करतो, नवीन काय कळलं, नवीन काय करता आलं. बेरीज करू नका, सलग ओळी पाहा. तीव्रतेचे ४-५ तीन ओळी सलग आले तर चौथ्या ओळीतला स्फोट कुणाला जाणवत नाही. आणि शेवटचे दोन रकाने तीन ओळी सलग रिकामे असतील, तर प्लेटेस्टमध्ये (लोकांना खेळायला देऊन घेतलेल्या चाचणीत) लोक कंट्रोलर खाली ठेवतात ते बहुतेक तिथेच. सिक्वेलमध्ये हा चौथा रकाना फार लवकर रिकामा पडतो, कारण पहिल्या भागात शिकलेलं खेळाडूला ‘नवीन’ वाटत नाही. तक्ता भरताना जुन्या करामती त्या रकान्यात लिहून स्वतःची फसवणूक करण्याचा मोह होतो, तो टाळावा.

आता तक्रारींचं. खेळाडू दुखतं कुठे ते बरोबर सांगतात. औषध बरोबर सांगतीलच असं नाही. ‘टॉम्ब रेडर’ (२०१३) वर आक्षेप होता की गोळीबार फार, आणि ज्यांच्यावरून गेमला नाव मिळालं त्या कबरी थोड्या, छोट्या आणि ऐच्छिक. ‘राइज ऑफ द टॉम्ब रेडर’ (२०१५) ने कबरी मोठ्या केल्याच, शिवाय प्रत्येक कबर सोडवल्यावर एक प्राचीन कौशल्य दिलं, जे बाहेर लढताना आणि भटकताना उपयोगी पडतं. म्हणजे भटकंतीचा धागा ॲक्शनला बांधला. ‘शॅडो ऑफ द टॉम्ब रेडर’ (२०१८) मात्र लढाया कमी करण्याच्या दिशेने बराच पुढे गेला. कबरी अप्रतिम, पण चिखल अंगाला फासून दबा धरण्यापासून झाडावरून झडप घालण्यापर्यंत शिकवलेलं सगळं वापरायला प्रसंग मोजकेच. एखादी गोष्ट कमी करायची तर तिच्यासाठी बांधलेली कौशल्यंही त्याच प्रमाणात छाटावी लागतात.

याच गेमने दुसरीकडे फार शहाणपणाची गोष्ट केली: लढाई, भटकंती आणि कोडी यांची काठिण्यपातळी वेगवेगळी निवडू दिली. समतोल किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण हे फुकट येत नाही. चढायच्या कडांवर खूण म्हणून दिलेला पांढरा रंग कठीण पातळीवर नाहीसा होतो. मग ती कड आकारावरून, उजेडावरून, भिंतीच्या झिजेवरून ओळखू यायला हवी. लेव्हल रंगाच्या भरवशावर बांधली आणि शेवटच्या महिन्यात रंग पुसला, तर खेळाडू भिंतीसमोर उड्या मारत बसतो. म्हणून आधी बिनरंगाची लेव्हल खेळून पाहावी, रंग नंतर चढवावा.

‘लढाया फार’ या तक्रारीचा अर्थ पुष्कळदा ‘लढाया सारख्याच’ असा असतो. ‘गॉड ऑफ वॉर’ (२०१८) मध्ये थोड्याफार फरकाने तेच ट्रोल पुन्हापुन्हा समोर येत. त्याच्या पुढच्या भागाने, ‘रॅग्नारॉक’ने (२०२२), लढाया कमी न करता शत्रूंचे प्रकार वाढवले. शत्रूची ताकद दीडपट केली तर तीच लढाई दीडपट वेळ चालते, बाकी काही बदलत नाही. नवा शत्रू आधी एकटा आणा, मग ओळखीच्या शत्रूबरोबर, आणि तिसऱ्यांदा अशा जागी, जिथे खेळाडूची लाडकी युक्ती चालत नाही.

नकाशाच्या बाबतीत भावना बाजूला ठेवून गणित करू. समजा पहिल्या भागाचा नकाशा २ किमी गुणिले २ किमी, म्हणजे ४ चौरस किमी, आणि त्यात पाहण्याजोग्या १०० जागा. एका जागेच्या वाट्याला ०.०४ चौरस किमी, म्हणजे दोन जागांमध्ये साधारण २०० मीटर. नायक सेकंदाला ५ मीटर धावतो असं धरलं तर दर ४० सेकंदांनी काहीतरी सापडतं. सिक्वेलमध्ये नकाशाची बाजू दुप्पट केली: ४ गुणिले ४, म्हणजे १६ चौरस किमी. टीमने जीव तोडून जागाही दुप्पट केल्या, २००. तरी अंतर २८३ मीटरवर जातं आणि वेळ ५७ सेकंदांवर. काम दुप्पट आणि गेम अधिक रिकामा! जुनी दाटी राखायला ४०० जागा लागतील, म्हणजे चौपट काम. मग शॉर्टकट म्हणून वेगवान वाहन येतं. वाहनातून वाटेतले बारकावे दिसत नाहीत. म्हणून नकाशावर खुणांचे ठिपके येतात. आणि खेळाडू जग पाहायचं सोडून ठिपके पुसत सुटतो. भटकंतीचं कारकुनी काम होतं ते असं.

नकाशा न वाढवता भटकंती वाढवल्याची उदाहरणं जुनी आहेत. ‘मेजोराज मास्क’ (२०००) ने ‘ओकारिना ऑफ टाइम’ (१९९८) चं इंजिन आणि पात्रांची कितीतरी मॉडेल्स जशीच्या तशी घेतली, पण जगाला तीन दिवसांचं चक्र दिलं. गावातला माणूस कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे असतो हेच तिथे शोधायचं असतं. ‘याकुझा’ मालिका कामुरोचो हा एकच चिमुकला परिसर वर्षानुवर्षं वापरते, आणि तो ओळखीचा असणं हीच तिथली गंमत आहे.

‘टिअर्स ऑफ द किंगडम’ (२०२३) मध्ये दोन्ही बाजू एकाच गेममध्ये दिसतात. जमीन ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ची (२०१७) तीच, पण आता वस्तू जोडून वाहन बनवता येतं आणि छतातून थेट वर जाता येतं, त्यामुळे जुना डोंगरही नवा वाटतो. खाली मात्र जवळपास तेवढाच मोठा पाताळलोक आहे आणि तो बऱ्याच ठिकाणी एकसुरी आहे. त्याला तारून नेते एक हुशार जोडणी: वरच्या जमिनीवरच्या प्रत्येक देवळाच्या बरोबर खाली प्रकाश देणारं एक मूळ असतं. वर शोधलेलं खाली उपयोगी पडतं, खालचं वर.

शक्ती काढून घेण्याचा मुद्दा लवकर आटपू. ‘जेडाय: सर्व्हायव्हर’ (२०२३) मध्ये दुहेरी उडी, भिंतीवर धावणं, ढकलणं-ओढणं सुरुवातीपासून हातात आहे. ‘रॅग्नारॉक’मध्ये कुऱ्हाड आणि साखळीची पाती, दोन्ही आहेत. दोन्ही गेम काही बिघडले नाहीत. नियम सोपा: हालचाली राहू द्या, आकडे (ताकद, आयुष्य, सुधारणा) खाली आणा. नवख्यासाठी वेगळा शिकवणी-वर्गही नको. पहिल्याच दरीवर जुना खेळाडू न थांबता उडी मारून जाईल. जो आठ-दहा सेकंद अडकेल, फक्त त्यालाच बटणाची सूचना दाखवा.

आता ती अर्धी खरी गोष्ट. मोकळ्या नकाशात कथा टिकवणं खरंच अवघड असतं. ‘टिअर्स ऑफ द किंगडम’मधल्या आठवणी (जगात विखुरलेले कथेचे जुने प्रसंग) कोणत्याही क्रमाने पाहता येतात, त्यामुळे शेवटचं रहस्य कुणाला दुसऱ्याच आठवणीत कळतं. आणि चार मंदिरं कोणत्याही क्रमाने करता येतात म्हणून प्रत्येकाच्या शेवटी जवळजवळ तोच प्रसंग, तीच माहिती पुन्हा ऐकावी लागते. हे टळण्यासारखं होतं. चार जागांचे क्रम २४ होतात म्हणून २४ प्रसंग लिहायची गरज नाही. प्रसंगाचे दोन तुकडे करा: एक जागेचा (इथे काय घडलं), आणि एक क्रमाचा (हे खेळाडूचं कितवं मंदिर). जागेचे ४, क्रमाचे ४, एकूण ८ तुकडे. पहिल्या मंदिरात, मग ते कोणतंही असो, युद्ध झालं होतं एवढंच कळेल. दुसऱ्यात कोण हरलं. चौथ्यात का हरलं. गेमला फक्त एक आकडा लक्षात ठेवायचा आहे. अडचण येते ती संवादात: क्रमाच्या तुकड्यात जागेचं किंवा तिथल्या पात्राचं नाव एकदा जरी घुसलं तर जोड उघडी पडते. म्हणून ते तुकडे अशा पात्राच्या तोंडी द्यावेत, जे चारही ठिकाणी असू शकतं.

दुसरा मार्ग म्हणजे मोकळीक आणि घाई वेगळ्या खोल्यांत ठेवणं. ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ (२०१७) मध्ये पश्चिम घाटातलं एकच प्रकरण मोकळं आहे: जीप, तीन ठिकाणं हव्या त्या क्रमाने, शिवाय ऐच्छिक नाणी. ते संपलं की वाट पुन्हा अरुंद होते आणि कथा धावू लागते. ‘आज रात्री बहीण मरेल’ असं सांगून लगेच पन्नास फुटकळ कामं समोर ठेवणाऱ्या गेममध्ये दोष मोकळ्या नकाशाचा नसतो, घाईचं वाक्य चुकीच्या दाराशी लावलेलं असतं.

कटसीनशिवायही कथा सांगता येते, हे ‘गॉड ऑफ वॉर’मधल्या होडीने दाखवलं. नायकाचा सोबती मिमीर गोष्ट सांगत असताना किनारा आला की तो थांबतो. परत होडीत बसलं की तिथूनच पुढे सुरू करतो. यामागे चोख कारागिरी आहे. संवाद सहा-आठ सेकंदांच्या तुकड्यांत रेकॉर्ड करायचा, ‘तर मी काय सांगत होतो’ छापाची चार-पाच जोडवाक्यं वेगळी ठेवायची, आणि मध्ये बराच वेळ गेला असेल तर आधी एका ओळीत आठवण द्यायची. वाटही मापावी लागते: ९० सेकंदांच्या बोलण्याला सेकंदाला ५ मीटरच्या वेगाने ४५० मीटर रस्ता हवा. प्रत्यक्षात लोक जवळची वाट काढतात, म्हणून महत्त्वाची ओळ पहिल्या अर्ध्यातच यायला हवी.

याच्या उलट टोकालाही लोक पोचले आहेत. ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ची (२०२२) नायिका ॲलॉय स्वतःशी इतकी बडबडते की जास्तीचं सामान साठ्यात गेल्याचं तिचं पालुपद नंतरच्या अपडेटमध्ये कमी करावं लागलं. ‘सबनॉटिका’च्या पहिल्या भागात (२०१८) नायक अबोल होता आणि खोल पाण्याची भीती त्या शांततेतूनच यायची, ‘बिलो झिरो’ (२०२१) ने बोलकी नायिका, जास्त कथा आणि लहान नकाशा एकत्र आणले आणि ती भीती विरळ झाली.

‘रॅग्नारॉक’मध्ये सोबती कोड्याची उकल फार लवकर सुचवतात, ही तक्रार याच जातीची. सूचनेचं घड्याळ खोलीत पाऊल टाकल्यापासून चालू ठेवलं की असंच होतं, कारण कोपऱ्यातला खजिना शोधणारा खेळाडू अडकलेला नसतो. घड्याळ पहिल्या चुकलेल्या प्रयत्नापासून सुरू करा, खेळाडू कोड्यापासून दूर गेला की थांबवा. पहिली सूचना फक्त कुठे पाहायचं याची, दुसरी काय बदलतं याची, उत्तर तिसऱ्या वेळी. आणि सूचना पूर्ण बंद करण्याचा पर्याय सेटिंगमध्ये पहिल्या कोड्याच्या आधीच दिसू द्या.