‘अर्धवट काम दाखवतात’ या अभिप्रायावर आमचं उत्तर

नमस्कार शेठ,

दोन स्टार देऊन तुम्ही चार तक्रारी लिहिल्यात. दर पंधरवड्याला अर्धवट बिलिंग सॉफ्टवेअर बघायला बोलावतात. सांगितलेला बदल लगेच न करता ‘पुढच्या स्प्रिंटमध्ये’, म्हणजे पुढच्या पंधरवड्याच्या कामात, म्हणतात. रोज उभं राहून गप्पा मारायचे पैसे लावतात. आणि शुक्रवारी संध्याकाळी तयार असलेलं काम सोमवारपर्यंत दुकानातल्या संगणकावर चढवत नाहीत. तुमच्या व्यवहाराचे आकडे इथे चारचौघांत लिहिणार नाही. कामाच्या पद्धतीबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले इतर कारखानदारही हे वाचतात.

सुरुवात बदलापासून, कारण खरा राग तिथलाच दिसतो. ‘टॉवेल नगावर आहे तो डझनावर करा, एका ओळीचं काम’ असं तुम्ही म्हणता. स्क्रीनवर ते एका ओळीचंच दिसतं. पण साठा डझनात ठेवला की एक नग म्हणजे ०.०८३३ डझन. असे बारा नग सुटे विकले तर हिशेबातून ०.९९९६ डझन वजा होतात. गोदाम रिकामं आणि कागदावर ०.०००४ डझन शिल्लक. सुटी विक्री रोज होत असेल तर अशी शिल्लक साचत जाते, साठा जुळत नाही आणि कुठल्याच एका बिलात चूक सापडत नाही. म्हणून आतला साठा कायम नगात आणि पूर्णांकातच ठेवायचा. डझन, अर्धा डझन, गाठ ही फक्त विकायची मापं, प्रत्येकासमोर त्यात किती नग हे लिहिलेलं. त्यानंतर दरपत्रक, परत आलेला माल आणि बिलाचा नमुना यांना हात लागतो. जुनं बिल आज पुन्हा छापलं तर तेव्हा छापलं होतं तसंच निघालं पाहिजे, तेही तपासावं लागतं. चाचण्यांसकट हे दोन-तीन दिवसांचं काम आहे.

चालू स्प्रिंटमध्ये ते बसवता येत नाही असं नाही. तेवढ्याच आकाराचं दुसरं काम बाहेर काढावं लागतं, आणि कोणतं काढायचं ते तुमच्या बाजूने ठरावं लागतं. गाडं अडतं ते इथेच. चाटी गल्लीतल्या दुकानाला बिल झटपट निघायला हवं, म्हणून कमीत कमी रकाने. कारखान्याला प्रत्येक मालामागे लूम नंबर हवा. अकाउंटंटला या दोन्हीच्या आधी जीएसटीचा अहवाल हवा. तिघांचंही बरोबर आहे, आणि तिघांचेही फोन आमच्या वेगवेगळ्या मुलांना येतात. स्क्रममध्ये, म्हणजे आम्ही वापरतो त्या कामाच्या पद्धतीत, प्रॉडक्ट ओनर (कोणतं काम आधी ते ठरवणारा) एकच माणूस असतो, समिती नसते, ते याचसाठी. त्याने कामांची यादी वरून खाली लावायची आणि आम्ही वरून उचलायची.

‘ॲजाइल म्हणजे कधीही बदल’ असंही तुम्ही लिहिलंय. ॲजाइल म्हणजे सॉफ्टवेअर थोडं थोडं करून दाखवत पुढे जायची पद्धत. तिच्या २००१ सालच्या जाहीरनाम्यात आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देण्याला जास्त किंमत दिली आहे, हे खरं. पण चार दिवस झालेलं काम रोज मोडायचं असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. तारीख कायद्याने ठरलेली असेल तर काम रांग मोडून वर येतं, आलंच पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा १,८०० रुपयांची चादर १२ टक्क्यांतून ५ टक्क्यांत आली, कारण ५ टक्क्यांची मर्यादा नगामागे १,००० वरून २,५०० रुपयांवर गेली. दर प्रोग्रामात ठिकठिकाणी कोरलेला असेल तर अशा वेळी रात्री जागाव्या लागतात. तो ‘या तारखेपासून, या किमतीपर्यंत, इतके टक्के’ अशा तक्त्यात असेल तर तक्त्याच्या नोंदी वाढवून भागतं, आणि ऑगस्टच्या बिलावरचा माल ऑक्टोबरमध्ये परत आला तरी क्रेडिट नोट १२ टक्क्यांनीच निघते.

आता अर्धवट दाखवण्याबद्दल. पहिल्या डेमोला एकाच मालाचं रोखीचं बिल असतं, पण ते नोंदीपासून छपाईपर्यंत पूर्ण असतं, करासकट. उधारी, ई-वे बिल, जॉब वर्कचं चलन तेव्हा नसतातच. सगळे स्क्रीन आधी रंगवून हिशेब मागाहून जोडला तर दिसायला भरगच्च दिसेल, पण सहा महिने एकही बिल निघणार नाही. लवकर दाखवायचं कारण अगदी साधं आहे. पार्टी निवडायला दर वेळी माउस धरावा लागतो, हे बिल करणारा माणूस पाच मिनिटांत सांगतो. तेव्हा ते तासाभरात सुधारतं. तीच पद्धत पंधरा स्क्रीनवर पसरल्यावर नाही. (डेमोला मालक येतात आणि बिलं करणारा दुकानातच राहतो, ही सोलापुरात हमखास होणारी गोष्ट.)

रोजची उभी बैठक पंधरा मिनिटांत संपते. काल काय केलं याची हजेरी घ्यायला ती नसते. कोण कशावर अडलंय आणि दोघं एकाच फाइलमध्ये तर घुसले नाहीत ना, हे तिथे कळतं.

शुक्रवारचा मुद्दा बिलाच्या नंबरांचा आहे. नवी आवृत्ती चढवल्यावर शनिवारी चाळीस बिलं फाटली आणि मग दोष निघाला, तर शुक्रवारचा बॅकअप परत टाकता येत नाही. ती चाळीस बिलं पार्ट्यांच्या हातात गेलेली असतात, आणि नंबर सलग असावेत हा जीएसटीचाच नियम आहे. म्हणून आम्ही आवृत्ती आठवड्याच्या सुरुवातीला, सकाळी दुकान उघडण्याआधी चढवतो. तीही तुमच्या डेटाच्या प्रतीवर चालवून बघितल्यावर आणि बॅकअप खरोखर उघडतो याची खात्री करूनच. दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) भरायचं असतं, त्यामुळे त्याच्या आधीचे दोन दिवसही टाळतो. यात बदल करणार नाही.

पुढचा डेमो आमच्या ऑफिसात न ठेवता तुमच्या दुकानात, बिलिंगच्याच संगणकावर ठेवू. त्याआधी तिघांपैकी कोणाचा शब्द शेवटचा ते आम्हाला लेखी कळवा. डझनाचं काम यादीत कितव्या नंबरवर घ्यायचं ते त्याच माणसाने सांगावं. पहिल्या नंबरवर म्हणाले तर त्याच स्प्रिंटमध्ये पहिलं घेतो.