पुरावाच कापलात की हो!

बास झालं आता! 1993 साली दूरदर्शनवर आलेली ‘ब्योमकेश बक्षी’ ही गुप्तहेर मालिका पुन्हा लागतेय म्हणून मी आणि आई ताटं घेऊन टीव्हीसमोर बसलो. ब्योमकेशच्या मित्राने, अजितने प्रश्न विचारला, ब्योमकेशने मान वर केली, उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि धाडकन साबण! मग मसाला, मग सिमेंट, मग पुन्हा तोच साबण. परत येऊन बघतो तर खुनी पकडलेला. आई विचारते, “अगं, हा माणूस कधी आला होता?” काय सांगू तिला? त्याचा प्रसंगच उडवलाय!

अहो वाहिनीवाले, रहस्यकथा आहे ती! त्यातलं एकेक वाक्य म्हणजे पुरावा. दिग्दर्शक बासु चटर्जींनी जपलेले ते शांत क्षण तुम्हाला फालतू वाटतात? सुरुवातीचं संगीत अर्ध्यात तोडता, शेवटची नावं कोपऱ्यात चेपून पळवता. ज्यांनी जीव ओतून काम केलं, त्यांची नावंसुद्धा वाचायची नाहीत का आम्ही? जाहिरातींना नियमाने तासाला 12 मिनिटं आहेत ना? घ्या की! पण भाग पाच मिनिटं उशिरा संपला तर कुणाचं काय बिघडतं? कात्री चालवायचीच असेल तर त्या साबणावर चालवा.