एकच नाव सगळ्यावर चिकटवून चालत नाही

कंपन्यांनी मालाला नाव कसं द्यावं यावरच्या एका लेखातला मुद्दा असा की जुनं, विश्वासाचं नाव हाताशी असेल तर नव्या मालालाही तेच द्यावं, जाहिरातीचा खर्च वाचतो. अर्धंच पटलं. आमच्या पिंपरी-चिंचवडकडचंच उदाहरण घ्या. बजाज म्हणजे एकेकाळी चेतक, घरातल्या चौघांची स्कूटर. 2001 मध्ये बजाजचीच पल्सर मोटारसायकल आली आणि पोरांच्या तोंडी 'पल्सर'च राहिलं, बजाज मागे पडलं. ते बरंच झालं. वडिलांच्या स्कूटरचं नाव मिरवायला कुठला कॉलेजकुमार तयार होईल?

आता उलटी बाजू. बजाजचीच 2004 ची डिस्कव्हर मोटारसायकल 125 सीसीची, शंभरवाल्यांपेक्षा एक पायरी वर. तीच तिची ओळख. पुढे त्याच नावाने 135 आली, 100 आली, 150 आली. खप काही काळ वाढलाही असेल, पण डिस्कव्हर म्हणजे नेमकी कोणती गाडी, हे गिऱ्हाईकाला सांगता येईना. स्वस्त गाडीसाठी प्लॅटिना घरातच होती की! म्हणजे आपल्याच दोन पोरांना एका ताटात जेवायला बसवलं.

बजाज आपल्या कारखान्यात बनवते त्या केटीएम आणि ट्रायम्फ या परदेशी नावांच्या बाबतीत मात्र शहाणपणा दिसतो. 2012 ची केटीएमची ड्यूक 200 काय, 2023 ची ट्रायम्फची स्पीड 400 काय, दोन्ही बजाजच्या चाकणच्या कारखान्यातल्याच. पण शोरूम वेगळी, गिऱ्हाईक वेगळं, टाकीवर बजाजचं नाव नाही. कारखाना एक ठेवून खर्च वाचवायचा आणि नावं वेगळी ठेवून भाव राखायचा. लेखकाने खर्चाचा हिशेब मांडला, या भावाचा मांडायला हवा होता.