झाली का?

त्या आठवड्यात आमच्या सोसायटीपुढे दोन प्रश्न होते. एक गच्चीची गळती आणि दुसरा आमच्या चिरंजीवांची शी. गळतीचा प्रश्न सात वर्षं जुना आहे, त्यामुळे त्यात आता कोणालाच रस उरलेला नाही. दुसरा जेमतेम चार दिवसांचा होता. त्यात सगळ्यांना अजून आशा होती.

चिरंजीव अडीच महिन्यांचे. तोवर दिवसाला सहा-सहा वेळा, मोहरी फेसल्यासारखी पिवळीधमक, असा त्यांचा शिरस्ता होता. सोमवारी अचानक संप. मंगळवारी संप. स्वतः साहेब मजेत होते. दूध पीत होते, पंख्याकडे बघून हसत होते, लंगोट ओले करण्यात कसूर नव्हती. फक्त मुख्य खातं बंद होतं.

बातमी फोडली मीच. सकाळी दुधाची पिशवी घेऊन जिना चढत होतो. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काय, झाली का झोप?" मी म्हणालो, "झोप झाली काकू, बाळाला शी झाली नाही. चौथा दिवस." डोंबिवलीतल्या बिनलिफ्टच्या इमारतीत जिन्यात बोललेलं वाक्य माणसाच्या आधी वर पोचतं. मी तिसऱ्या मजल्यावर आलो तेव्हा तिथलं दार उघडं होतं आणि दारात हिंगाची डबी घेऊन आजी उभ्या होत्या.

काकूंचा उपाय होता विड्याच्या पानाचं देठ. ते एरंडेलात बुडवायचं आणि पुढे काय करायचं ते त्यांनी जिन्यात उभ्या उभ्या हाताने करून दाखवलं. ते मी लिहिणार नाही. तिसऱ्या मजल्याचं म्हणणं, हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती लावा. "बेंबीत नाही हो, बेंबीभोवती!" हे त्यांनी तीनदा बजावलं, त्यावरून पूर्वी कोणीतरी बेंबीत लावला असावा. चौथ्या मजल्याचा कौल मनुकांच्या पाण्याला. बी विंगमधल्या वहिनी शिकलेल्या, त्यांनी उपाय सांगितला नाही, आधी डेटा मागितला. त्यांच्या फोनमध्ये एक ॲप आहे. त्यात त्यांच्या मुलाची जन्मापासूनची प्रत्येक शी तारीख, वेळ आणि रंगासकट नोंदवलेली आहे. त्यांनी मला आलेख दाखवला. मुलगा आता दुसरीत आहे. नोंदी कधी थांबवल्या, हे विचारायचं मला धैर्य झालं नाही.

घरात सासूबाई होत्याच. साताऱ्याहून येताना त्या कपड्यांची एक पिशवी आणि बाळगुटीची एक पिशवी घेऊन आल्या होत्या, आणि दुसरी जड होती. हळकुंड, वेखंड, सुंठ, हिरडा, जायफळ, ज्येष्ठमध, डिकेमाली आणि मुरुडशेंग. ही मुरुडशेंग मी पहिल्यांदाच पाहिली. स्क्रूसारखी पिळलेली असते. पोटातला मुरडा तिने जातो म्हणतात, आणि तिच्याकडे बघून तिलाच मुरडा आला असावा असं वाटतं. सासूबाई सहाण पुढ्यात घेऊन बसल्या की घरात सगळे हळू बोलत. "हिरड्याचे तीन वेढे, मुरुडशेंगेचे दोन, जायफळाचा अर्धाच. जास्त झाला तर पोरगं दोन दिवस डोळं उघडायचं नाही." अर्धा वेढा म्हणजे नेमका किती, असं मी एकदा विचारलं. त्यांनी सहाणेवरून नजर न उचलता सांगितलं, "जावईबापू, तुम्ही हापिसला जा."

तिथेही सुटका कुठली? आमच्या फास्ट लोकलमध्ये दाराजवळचा आठ जणांचा ग्रुप आहे. सगळे बाप. यातल्या एकालाही आपलं पोरगं कितवीत आहे हे पटकन सांगता येत नाही, पण माझ्या पोराचं पोट हा विषय त्यांनी दिव्यापासून दादरपर्यंत पुरवला. कोणी म्हणालं, मधाचं बोट चाटव. कोणी म्हणालं, पाय सायकलसारखे फिरव. खिडकीतला म्हणाला, "एकदा पोराला घेऊन ठाण्याला चढ. गर्दीचा दाब पडला की आपोआप होते." ठाण्याला चढलेला एक अनोळखी गृहस्थ माझ्या काखेतून डोकं काढून म्हणाला, "ग्राइप वॉटर द्या." मुंबईकर एवढ्या आपुलकीने एरवी फक्त पुढचं स्टेशन कुठल्या बाजूला येणार ते सांगतो.

ग्राइप वॉटरचं मी रात्री वाचलं. १८५१ मध्ये इंग्लंडात निघालं. मूळ कृतीत शेपूचं तेल, सोडा, साखर आणि चक्क अल्कोहोल. पोरं शांत का होत असत, याचा उलगडा झाला. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, शेपूचं बी म्हणजे आपला बाळंतशेपाच की, तो मी तुमच्या बायकोला रोज जेवणावर देतेय. साहेबाने आमच्या मुखवासात दारू घालून बाटली भरली होती, एवढंच.

यात खरी पिळली गेली ती माझी बायको. मला सगळे उपाय सांगत, तिला सगळे प्रश्न विचारत. काय खाल्लंस? पाणी किती प्यायलीस? पंख्याखाली बसलीस का? शेवटी शनिवारी तिने एक वडापाव खाल्ल्याचं उघडकीला आलं आणि तपास तिथे येऊन थांबला. वडापाव मीच आणला होता, मी दोन खाल्ले होते, याची नोंद कोणी घेतली नाही. उलट मी एकदा गॅलरीत लंगोट वाळत घालताना दिसलो, तर समोरच्या इमारतीतून "किती करतात बाई!" असं ऐकू आलं. बायकोनेही ते ऐकलं. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं, आणि मी मागितलंही नाही.

पाचव्या दिवशी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी पोट दाबून पाहिलं, वजन केलं, उलट्या होतात का, पोट फुगतं का, दूध नीट पितो का, असं विचारलं. मग म्हणाले, "बाळाला काही त्रास आहे?"

"नाही."

"मग कोणाला आहे?"

मी इमारतीचं नाव सांगितलं.

त्यांचं म्हणणं असं की फक्त आईच्या दुधावरच्या बाळाचं या वयात असं होतं. दूध जवळजवळ सगळं अंगी लागतं, बाहेर टाकायला फारसं उरत नाही. बाळ मजेत असेल आणि होईल तेव्हा मऊ होत असेल, तर चार-सहा दिवस वाट बघायला हरकत नाही. सहा महिने वरचं काही नाही, पाणीसुद्धा नाही. म्हणजे मनुका गेल्या, गुटी गेली. मध तर वर्षभर दाखवायचाही नाही. मी हे घरी येऊन सांगितलं. सासूबाईंनी सहाण धुऊन पालथी घातली आणि एवढंच विचारलं, "त्यांना स्वतःला पोरं किती?" एक, म्हणालो. "मग बरोबर."

सहाव्या दिवशी आईचा फोन आला, कुडाळजवळच्या गावाहून. "सहा दिस झाले? आणि माका आज सांगतस?" मग म्हणाली, कान दे. फोन कोणाच्या तरी हातात गेला, घंटा वाजली, आणि मला कळलं की मी देवळात आहे. गाऱ्हाणं सुरू झालं होतं. "बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! ह्या लेकराचा मुंबैत जा काय अडला हा, ता मोकळा कर रे म्हाराजा!" आणि मागून पंधरा-वीस माणसांचा एकदिलाने आवाज, "व्हय म्हाराजा!" त्यात आमचे शाळेतले गुरुजीही असावेत. त्यांचा आवाज मी कुठेही ओळखीन. कोकणात या माणसाला आता पुन्हा तोंड दाखवायचंय.

त्या रात्री, म्हणजे पहाटे ३ वाजून ४० मिनिटांनी, चिरंजीव माझ्या मांडीवर होते. आधी कपाळ लाल झालं, मग त्यांनी माझ्याकडे अत्यंत गंभीर नजरेने पाहिलं. आणि मग सहा दिवसांची थकबाकी एकरकमी आली. लंगोट, दुपटं, माझी लुंगी, गादीचा कोपरा. लुंगी सासऱ्यांनी दिवाळीत दिलेली. मऊ होती. शी.

बायकोला उठवावंसं वाटेना, सहा दिवसांत पहिल्यांदा तिला गाढ झोप लागली होती. पण अशी बातमी एकट्याने पोटात ठेवणंही कठीण. सोसायटीतल्या आयांचा एक ग्रुप आहे, त्यात मला त्याच आठवड्यात अपवाद म्हणून घेतलं होतं. एका हाताने चिरंजीवांना अधांतरी धरून दुसऱ्या हाताने मी एकच शब्द टाकला. "झाली."

मला वाटलं, सकाळी वाचतील. तर लगेच पहिला प्रश्न आला, "रंग?" मग दुसरा, "किती?" मग "फोटो नको." मग टाळ्या. बाहेर पाहिलं तर बी विंगच्या दोन खिडक्यांत आणि खाली पहिल्या मजल्यावर दिवे होते. एकीच्या पोराला दात येत होते, एकीचं रात्री दोनला खेळायला उठतं. काकूंची पोरं अमेरिकेत आहेत, त्या का जाग्या होत्या कोण जाणे. कोणीतरी लिहिलं, "लुंगी आधी गार पाण्यात टाका, गरम नको, डाग बसतो." आठवडाभरात मला मिळालेला हा पहिला सल्ला, जो मी जसाच्या तसा अमलात आणला.

सकाळी श्रेयाचा निकाल लागायचा होता. हिंग आम्ही लावलाच नव्हता, तरी आजी जिन्यात भेटल्या तेव्हा हसून मान हलवत होत्या. काकूंनी देठाबद्दल डोळ्यांनीच विचारलं, मी डोळ्यांनीच नाही म्हणालो, त्यांना ते हो वाटलं. खिडकीतला म्हणाला, पेढे. सासूबाई कोणाशी काही बोलल्या नाहीत, फक्त पाळण्याजवळ जाऊन नातवाला म्हणाल्या, "आजीचा हात हाय म्हटलं." सहाण डॉक्टर झाल्यावर पालथी होती, त्याच्या आधीचे तीन दिवस मी ऑफिसात होतो. मी पुढे विचारलं नाही.

आईने नारळ बोललेला निघाला, तो मे महिन्यात फेडायचा आहे. तिला फोन करून सांगितलं तर तिने तिथूनच हात जोडले असावेत, कारण फोन खाली पडल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पुन्हा तिचाच फोन.

"आज झाली काय रे?"