सहा माणसांचं बाहेरचं जेवण आणि कुलूप लावलेली सभागृहं

लातूरसारख्या गावात साध्या पगारदार घरानं सगळ्यांना घेऊन बाहेर जेवायचं, तर जायचं कुठं? खानावळी आहेत, पण त्या शिकणाऱ्या पोरांच्या. रस्त्यावरच्या ढाब्यावर ‘फॅमिली रूम’ असते, म्हणजे बारच्या मागची पडदे लावलेली खोली. राहिली एसी हॉटेलं. तिथं सहा माणसांसाठी दोन पनीरच्या भाज्या, दाल, रोट्या, जिरा राईस आणि लेकरांचं मंच्युरियन मागवलं की दीड हजाराचं बिल ठरलेलं. त्यात सासूबाईंनी अर्धीच रोटी खाल्लेली असते, कारण गार झालेला मैदा त्यांना चावत नाही. घरी आल्यावर त्या दूधभाकरी मागतात.

आमच्या नात्यातलं एक घर ऑस्ट्रेलियात असतं. तिथं आरएसएल नावाचे क्लब आहेत. 1916 साली निघालेल्या माजी सैनिकांच्या संघटनेचे हे क्लब. बाहेरचा माणूसही दारात नाव लिहून आत जातो, काउंटरवर पैसे भरतो, आणि आजीपासून नातवापर्यंत सगळे एका टेबलावर जेवतात. मला आधी हेवाच वाटला. मग त्यातली मेख कळली. न्यू साउथ वेल्समधल्या क्लबांना 1956 पासून जुगाराची पोकर मशीन ठेवायची मुभा आहे, आणि बऱ्याच क्लबांत ताटाची स्वस्ताई त्याच पैशावर चालते. कुणाचा तरी पगार मशीनमध्ये जातो, म्हणून आपल्या लेकराचं ताट स्वस्त. असली स्वस्ताई मला नको. पत्त्यांच्या क्लबवर छापा पडल्याच्या बातम्या आपल्याकडं कमी आहेत का? आणि ऑफिसर्स क्लबाच्या फाटकातून तुम्हीआम्ही आत जाणार नाही, तो विषय सोडा.

दहा रुपयांची शिवभोजन थाळी 26 जानेवारी 2020 ला सुरू झाली. शहरात तिची किंमत 50 रुपये धरलेली, त्यातले 40 सरकारचे. ती ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यासाठीच राहावी, गाडीवरून येऊन आपण त्या रांगेत उभं राहणं बरं दिसत नाही. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगर आहे, पण ते श्रद्धेचं जेवण, शनिवारी फिरायला निघालेल्यांचं नव्हे.

मी म्हणते ते वेगळं आहे: गावातल्या रिकाम्या सभागृहात आठवड्यातून एका संध्याकाळी सगळ्यांसाठी जेवण. खाणाऱ्यानं ताटाची पूर्ण किंमत द्यायची, आणि त्यात नफा कुणाचाच नाही. ना देणगीदार, ना वाढदिवसाचं बॅनर.

जागा आपल्याकडं ढीगभर आहेत. मंगल कार्यालयं, समाज भवनं, कॉलनीतली सभागृहं, आमदार-खासदार निधीतून बांधलेली सामाजिक सभागृहं. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लग्नं जवळजवळ नसतातच. कढया, पातेली, ताटवाट्या खोलीत पडून. आचारी आणि वाढपी हाताला काम नाही म्हणून बसलेले. काही सभागृहांत तर मंडपवाल्याचं सामान आणि कुणाचा तरी कडबा सोडून दुसरं काही गेलेलंच नाही. बांधली कशाला होती मग?

हॉटेलात महाग काय असतं ते बघा. मोक्याच्या जागेचं भाडं, एसी, शंभर पदार्थांच्या मेनूसाठी भरून ठेवलेला माल आणि त्यातला वाया जाणारा. आठवड्यातून एकच संध्याकाळ आणि एकच ताट ठेवलं, गुरुवारपर्यंत कुपनं विकून टाकली, तर आचाऱ्याला माणसं किती ते आधीच माहीत. गहू-ज्वारी मोजून दळता येते. माझ्या अंदाजानं मोठ्यांचं शंभर-सव्वाशेत आणि लेकरांचं साठात बसावं. ताटात काय? ज्वारीची गरम भाकरी, येसराची आमटी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, भात, ताक. एखाद्या शनिवारी धपाटे-दही, थंडीत शेंगोळे. लेकरांना हवं तर सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ) द्या, आवडीनं खातात. भाकऱ्या बचत गटाच्या बायकांनी थापाव्यात आणि त्याचे पैसे नगावर, त्याच रात्री रोख मिळावेत. ‘सेवा’ म्हणून बायकांना फुकट राबवायची आपली खोड मला पक्की माहीत आहे.

आता जे कुणी बोलत नाही ते. आपली बरीचशी भवनं ज्या त्या समाजाची आहेत. तिथं कुपन देताना आडनाव विचारलं, किंवा भाकरी कुणाच्या हातची यावर कुजबुज झाली, तर हे सगळं सुरू न झालेलंच बरं. येळवस (वेळा अमावस्या) आली की आपण ओळखीपाळखीच्या सगळ्यांना शेतात बोलावतो, आंबील-भज्जी वाढताना ताटं वेगळी मांडत नाही, असं अभिमानानं सांगतो. (सगळीकडं तसंच होतं असं मला वाटत नाही, पण असो.) मग गावातल्या सभागृहातही तोच नियम लावा, आणि दारावर लिहूनच टाका.

कागदपत्रं करावीच लागतील. अन्न परवान्याची नोंदणी हवी, आणि वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या पुढं गेली तर जीएसटीचं बघावं लागेल. ‘आपल्याच लोकांसाठी आहे, कोण विचारतंय’ हे चालणार नाही. हिशोब दर महिन्याला सूचना फलकावर लागला पाहिजे, नाहीतर तिसऱ्या महिन्यात सचिव आणि खजिनदारात भांडण ठरलेलं.

तर लातुरात कुणाच्या सभागृहात पाणी, गॅस आणि बायकांना जाता येईल असं स्वच्छ बाथरूम ही तिन्ही चालू असतील, तर खाली सांगा. दोन आहेत म्हणणारे पुष्कळ भेटले. तिसरं नेहमी बाथरूमच असतं, आणि त्याची किल्ली शिपायाकडं असते.